सात नंबरच्या बाळाची माफी

मला सत्तावन्न पूर्ण झाली त्या सकाळी ह्यांनी चहा करून दिला आणि त्यात साखर घालायची विसरले. वाढदिवसाची भेट ती एवढीच. मी तो तसाच प्यायले. तसाही मला तो दिवस नकोच होता. आदल्या दिवशी मी चिमणीला बजावून ठेवलं होतं, की उद्या केक, फुगे, टोप्या असलं काही वॉर्डात दिसलं तर मी आल्या पावली घरी परत जाईन. चिमणी म्हणजे आमच्या प्रसूती विभागातली सगळ्यात धाकटी सिस्टर. अंगानं एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू. ती "हो ताई, नाही ताई" करत राहिली तेव्हाच मी ओळखलं, की केकची ऑर्डर देऊन झालेली आहे.

वाढदिवस नको का, तर त्या दिवशी माणूस पुढच्या वर्षांचा विचार करतं. आणि तो विचार करणं मी सोडून दिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात सलग अकरा दिवस असं ऊन तापलं, की वॉर्डाच्या खिडक्यांना आम्ही ओल्या चादरी बांधल्या होत्या. वीज गेलेली. जनरेटरवर फक्त अशक्त बाळांच्या काचेच्या पेट्या चालत होत्या, पंखे बंद. बाया ओल्या फडक्यानं आपापल्या बाळांची अंगं पुसत बसलेल्या, आणि बाहेर बाकावर नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये कुठं जंगल पेटलेलं, कुठं शहर पाण्याखाली, कुठं शाळेवर बॉम्ब पडलेला. त्याच आठवड्यात माझी एकुलती एक लेक जेवायला आली आणि हात धुता धुता म्हणाली, "आई, आम्ही ठरवलंय. मूल नको. असल्या जगात कुणाला कशाला आणायचं?"

मी भांडकुदळ बाई आहे. भाजीवाल्यापासून सुपरिंटेंडंटपर्यंत कुणाशीही दोन हात करायला मला वेळ लागत नाही. पण लेकीशी मी भांडले नाही. मी फक्त "बरं" म्हणाले. आणि मग मला तो नादच लागला. चहाच्या सुट्टीत मोबाइल उघडायचा आणि कुठली नदी आटली, कुठं किती माणसं मेली, कोणतं नवीन यंत्र माणसं मारायला शिकलं, हे वाचत बसायचं. वाचून झालं की हात धुवायचे, हातमोजे चढवायचे आणि आणखी एक बाळ जगात आणायचं. असं करता करता वर्ष होत आलं.

या कामात मला एकोणतीस वर्षं झाली. पहिल्या वर्षापासून माझी एक खोड आहे. बाळ बाहेर आलं, रडलं, पुसून झालं, की मी त्याच्या कानाशी तोंड नेते आणि म्हणते, "आलास का? बरं केलंस." मुलगी असली तर "आलीस का?" यात मोठं काही नाही. मी एकटीनं केलेलं पहिलं बाळंतपण सुखरूप पार पडलं तेव्हा सुटलेपणानं माझ्या तोंडून हे निघून गेलं, आणि मग ते तोंडाला चिकटून बसलं. बाळंतिणीला ते ऐकू जायचं नाही, कारण बाळ पुसायचं टेबल पलीकडे भिंतीपाशी असायचं. सहा महिन्यांपूर्वी नवीन नियम आला. बाळ ठणठणीत असेल तर त्याला टेबलावर न नेता सरळ आईच्या छातीवर ठेवायचं. नियम चांगला आहे, मला आवडला. फक्त त्यामुळे बाळाचा कान आणि आईचा कान यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्या सकाळी आठ वीसला सात नंबर बाळंत झाली. आमच्याकडे बाया खाटेच्या नंबरानं ओळखल्या जातात, त्यात अपमान काही नाही. सात नंबर म्हणजे चौतीस वर्षांची पहिलटकरीण. किंचाळली नाही, शिव्या दिल्या नाहीत, सांगितलं तसं केलं. मुलगी झाली, दोन किलो नऊशे. पोरीनं असा काही सूर लावला, की चिमणी म्हणाली, "ही पुढारी होणार!" मी बाळाला आईच्या छातीवर ठेवलं, वाकून माझं नेहमीचं म्हटलं आणि हात धुवायला धावले, कारण पलीकडे तीन नंबरची वेळ आली होती.

अकराच्या सुमाराला चिमणी मला शोधत आली. "ताई, सात नंबर बाळाला पाजत नाहीये."

"पहिलटकरीण आहे. जमत नसेल. दाखव की तिला."

"जमत नाही असं नाही, ती घेतच नाहीये. बाळ पाळण्यात आणि ती भिंतीकडे तोंड करून."

मी गेले. खांद्यावर हात ठेवला तशी ती वळली. डोळे कोरडे होते, पण चेहरा असा, की मी जरा चपापलेच. "सिस्टर," ती म्हणाली, "खरं सांगा. माझ्या मुलीला काय झालंय?"

"भूक लागलीये. दुसरं काय होणार?" मी हसत म्हणाले.

मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत भिंतीकडे वळली.

मग मी आमच्या बाळडॉक्टरांना बोलावलं. म्हणजे ते लहान मुलांचे डॉक्टर, पण अजून मिशी नीट फुटलेली नाही म्हणून हे नाव. भल्या मनाचा मुलगा आहे. त्यानं तिच्या देखत बाळाला डोक्यापासून टाचेपर्यंत तपासलं, हृदयाचे ठोके तिलाही ऐकवले, आणि सांगितलं, की एकदम ठणठणीत आहे. ती म्हणाली, "मग लपवताय का?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार!

एक वाजेपर्यंत बाळाच्या पोटात थेंबभरही काही गेलं नव्हतं. आधी त्या पोरीनं रडून वॉर्ड डोक्यावर घेतला होता, आता ती रडायचीही थांबून पेंगायला लागली. हे आम्हाला आवडत नाही. डॉक्टरांनी टाचेला सुई टोचून रक्तातली साखर बघितली. त्रेचाळीस. सात नंबर अंथरुणात उठून बसली. "काही झालेलं नाही तर रक्त कशाला काढलंत?"

"तुम्ही पाजत नाही म्हणून," डॉक्टर म्हणाले. "आपण निदान वाटीनं थोडं दूध देऊ."

तिनं पाळण्यावर आडवा हात टाकला. "आधी मला सांगा. तोपर्यंत तिच्या तोंडात कुणी काही घालायचं नाही."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तासाभरानं परत बघतो. चाळीसच्या खाली गेली तर तिला वर अतिदक्षता विभागात न्यावं लागेल, सलाईन लावावं लागेल." मला पुढचं सगळं लख्ख दिसलं. ते बाळ तिच्या डोळ्यांसमोर वर नेलं, त्याला नळ्या लागल्या, की संपलं. माझ्या मुलीला काहीतरी झालंय आणि हे लोक लपवताहेत, हे त्या बाईच्या मनातून ब्रह्मदेव आला तरी निघणार नव्हतं. अशा बाया मी पाहिल्या आहेत. त्या मुलाला छातीशी धरतात, पण जरा लांबच धरतात.

तेवढ्यात दारात तिचा नवरा दिसला. धिप्पाड माणूस, गोदामात माल चढवायची गाडी चालवतो. टोपी हातात घेऊन पिळत उभा होता. "सिस्टर, एक विचारू? रागावू नका," तो हळूच म्हणाला. "ती म्हणते, बाळ छातीवर ठेवलं तेव्हा एका सिस्टरनं त्याच्या कानात माफी मागितली. 'माफ कर गं' म्हणाली. दोनदा. सगळ्यांनी मास्क घातले होते, कोण ते तिला कळलं नाही. काही चूक झाली का हो? पडलं का ते हातातून? मी तक्रार नाही करणार. फक्त सांगा."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या कानाशी कुणी असलं काही बोलतं? त्याला मी म्हटलं, तुम्ही इथंच थांबा, मी बघते. आणि तरातरा आमच्या खोलीत गेले. सकाळी सात नंबरच्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही तिघीच होतो. मी, चिमणी आणि आमची जुनी आया, तिला सगळे मावशी म्हणतात. मावशी टेबलापाशी बसून कापसाचे बोळे करत होती. चिमणीच्या हातात केकचा खोका होता आणि तो माझ्यापासून कुठं लपवावा हे तिला सुचत नव्हतं.

"ठेव तो खाली!" मी ओरडले. "सात नंबरच्या बाळाची माफी कुणी मागितली? बोला! लाज वाटत नाही? त्या बाईनं सकाळपासून पोरीला हात लावलेला नाही. तिला वाटतंय, आपण काहीतरी करून ठेवलंय. अक्कल गहाण टाकून येता का ड्यूटीवर? चिमणे, दिवसभर तुझं तोंड चालू असतं, तूच काहीतरी बरळली असणार!"

मावशीनं हातातला बोळा परत उलगडला. चिमणीनं खोका टेबलावर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात बोलली.

"ताई, तुम्हीच."

"काय मीच?"

"तुम्हीच म्हणालात. तुम्ही रोजच म्हणता."

मी हसले. खरंच हसले. "वेड लागलंय का तुला? मी 'बरं केलंस' म्हणते. एकोणतीस वर्षं म्हणतेय."

"म्हणायचात. मी इथं नवीन आले तेव्हा म्हणायचात." तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. "आता नाही म्हणत. तो उकाडा झाला ना, त्या दिवसांत मी पहिल्यांदा ऐकलं. 'माफ कर रे राजा, माफ कर.' त्यानंतर प्रत्येक बाळाला तेच."

मी मावशीकडे बघितलं. मावशीनं मान वर केली नाही. "मला वाटलं, तुम्हाला कुणी तसं म्हणायला सांगितलं असेल," ती म्हणाली. "मनाच्या शांतीसाठी वगैरे."

"आणि मला एकीनंही सांगितलं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार, ताई?" चिमणी म्हणाली. "परवा मी तुमच्या पेनाला हात लावला, तर तुम्ही माझा उद्धार केलात."

मी स्टुलावर बसले. मी सकाळचं सगळं परत आठवायला लागले. बाळाचं ओलं डोकं. मास्कच्या आत स्वतःचाच गरम श्वास. मी वाकले, आणि माझं तोंड हललं. आणि मला ऐकू आलं, आता, दुपारी दीड वाजता, त्या खोलीत बसून, जे मी सकाळी म्हणाले होते ते. माफ कर गं बाई, माफ कर. माझाच आवाज होता. माझ्या तोंडात एक वाक्य आहे असं मी वर्षभर समजत होते आणि तिथं दुसरंच होतं. स्वतःच्या घरात अनोळखी माणूस राहत असल्याचं वर्षानं कळावं, तसं मला झालं.

"ताई," चिमणी माझ्यासमोर उकिडवी बसली, "तुमच्या रिटायरमेंटला एक वर्ष राहिलंय. तक्रार झाली तर फार वाईट होईल. मी जाऊन सांगते, मी म्हणाले म्हणून. मी सगळ्यात धाकटी आहे, मला ओरडून सोडून देतील."

"आणि का म्हणालीस असं तिनं विचारलं तर काय सांगशील?"

मी उठले. आणि सात नंबरकडे निघाले.

सात नंबरच्या खाटेच्या पायथ्याशी मी उभी राहिले, दांडी घट्ट धरून. सांगून टाकलं. "ती माफी मी मागितली. तुझ्या मुलीला काही झालेलं नाही. ती पडली नाही, गुदमरली नाही, काही नाही. ते मी माझ्या मनातलं बोलले. मला स्वतःला ते आत्ता कळलं."

तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला माझी समजूत घालायला पाठवलंय ना?"

आयुष्यभर मी बाळंतिणींना गोड गोड खोटं सांगत आले. दुखणार नाही, झालंच आता, एकच कळ. सगळ्या विश्वास ठेवतात. आणि त्या दिवशी शंभर टक्के खरं सांगितलं, तर ते कुणाला पटेना.

माझ्या मागून चिमणी आली होती. ती न विचारता बोलली, नेहमीसारखी. "अहो, खरंच सांगताहेत त्या. ताई सगळ्याच बाळांना तसं म्हणतात. चार नंबर, तुमच्या बाळालाही म्हणाल्या. दोन नंबर, तुमच्याही."

झालं! वॉर्डात एकच कल्ला उठला. चार नंबरनं आपल्या मुलाला असं कवटाळलं, की ते दचकून रडायला लागलं. "माझ्या बाळाला? का? माझ्या बाळाला का?" दोन नंबरची सासू उठून माझ्या अंगावर आली. "कसली कपाळकरंटी बाई ठेवलीये इथं! जन्मल्या जन्मल्या पोरांपुढं रडगाणं गाते!" कुणी डॉक्टरांना हाका मारायला लागलं, कुणी घरी फोन लावायला लागलं. मी तशीच उभी राहिले. तोंडाला तोंड देणारी मी, त्या बाईला एका अक्षरानं उत्तर दिलं नाही. ती काही चुकीचं बोलत नव्हती.

सात नंबर मात्र सरळ होऊन बसली होती. ती एकेका खाटेकडे बघत होती, बाळं मोजत असल्यासारखी. "सगळ्यांना?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हणाले.

"का?"

मग मी सांगितलं. तो उकाडा, त्या ओल्या चादरी, मोबाइलवर वाचलेलं, लेकीचं बोलणं. "मला भीती वाटते गं," मी म्हणाले. "मी यांना आतून बाहेर आणते आणि कसल्या जगात ठेवते ते मला दिसतं. ही चाळीस वर्षांची होईल तेव्हा प्यायला पाणी असेल का, माणसं माणसांशी कशी वागत असतील, मला काही चांगलं दिसतच नाही. आज माझा वाढदिवस आहे. सकाळी उठले तर वाटलं, मी तरी सुटेन लवकर, ही पोरं राहतील. म्हणून बोलले असेन."

वॉर्ड जरा शांत झाला होता. सात नंबर रडली, मोकळी रडली. सकाळपासून अडकलेलं सगळं बाहेर आलं. नवरा धावत आत आला, तिनं त्याला हातानंच थांबवलं. डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. तिची नजर बघताच मला कळलं, की ती भयंकर संतापलेली आहे.

"मी काय काम करते माहीत आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "मदतकेंद्रात फोनवर बसते. पूर, आग, दरड, कुठं काही झालं की फोन माझ्याकडे येतो. नऊ वर्षं झाली. छपरावर चढलेल्या माणसांशी बोट येईपर्यंत मी बोलत राहते. कधी बोट येते. कधी येत नाही, आणि फोन तसाच चालू राहतो. तुम्ही जे चहा पिताना वाचता ना, ते मी कानानं ऐकते."

मी पाळण्याकडे बघायला लागले.

"मूल हवं की नको यावर आम्ही चार वर्षं भांडलो. हा हवं म्हणायचा, मी नको म्हणायचे. मग मीच हो म्हणाले. सगळं माहीत असून, डोळे उघडे ठेवून हो म्हणाले. उद्या तिनं मला विचारलं, की का आणलंस, तर उत्तर मी देईन. माफी मागायची वेळ आली तर मी मागेन. मी आई आहे तिची. तुम्ही कोण हो माझ्या मुलीची माफी मागणाऱ्या?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"मग रडत काय उभ्या राहिलात? भूक लागलीये तिला. कसं धरायचं ते दाखवा."

मी रडत होते हे मला तिनं सांगितल्यावर कळलं. नाक पुसलं, हात धुतले, पाळण्यातलं बाळ उचललं. डोकं फार जड झालं होतं, पण हातांना काम माहीत होतं. उशी इथं, कोपर असं, बाळाची हनुवटी आधी टेकव, घाई करू नकोस. पोर पेंगुळलेली होती. तिच्या तळपायाला मी बोटानं गुदगुल्या केल्या, गाल चोळला. दोनदा सोडलं तिनं. तिसऱ्यांदा धरलं आणि असं धरलं, की सात नंबर "आई गं!" म्हणून ओरडली. अख्खा वॉर्ड हसला, दोन नंबरची सासूसुद्धा. अडीचला डॉक्टरांनी परत साखर बघितली. छप्पन्न आली. वर न्यायची गोष्ट तिथंच संपली.

जग काही अडीचला सुधारलं नव्हतं. मोबाइल उघडला असता तर त्यात तेच दिसलं असतं. मी उघडला नाही, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, घरी जा, आराम करा, उद्या बोलू." मी निघतच होते, तर सात नंबरनं मला हाक मारली. बाळ तिच्या अंगावर झोपून गेलं होतं.

"अजून किती जणींनी ऐकलं असेल?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"मी निदान विचारलं तरी. सगळ्या विचारत नाहीत, सिस्टर. काही जणी ऐकतात आणि गप्प बसतात. आमच्या फोनवर तर अशाच जास्त असतात. त्या घरी बसून वाट बघत असतील, काय झालंय ते कधी कळतंय म्हणून."

घर नाही, आराम नाही, मी सरळ आमच्या खोलीत गेले आणि जन्मनोंदीचं रजिस्टर काढलं. नवीन नियम आल्यापासूनची पानं उघडली. ज्यांच्यापुढे माझी सही होती अशी एकाहत्तर बाळं. चिमणी माझ्या शेजारी बसून नावांवरून बोट फिरवत होती. पाच महिन्यांपूर्वीच्या पानावर तिचं बोट थांबलं.

"ताई," ती म्हणाली. "या सोमवारवाल्या बाई ना?"

आमच्याकडे एक बाई दर सोमवारी येते. गुटगुटीत मुलगा आहे तिचा, वजन झकास, मान धरतो, हसतो. तरी दर सोमवारी ती त्याला घेऊन रांगेत उभी राहते आणि म्हणते, जरा नीट बघता का याला? डॉक्टर बघतात, काही नाही म्हणतात, ती मान हलवते आणि पुढच्या सोमवारी परत येते. आम्ही तिला हसायचो. तिची नक्कल चिमणी फार छान करायची. आणि गेल्या सोमवारी मी स्वतः, सगळ्यांच्या देखत, तिला म्हणाले होते, "बाई, तुम्हाला घरी काही कामधंदा नाही का?" ती "चुकलं" म्हणाली आणि मुलाला घेऊन गेली होती.

चिमणी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मग मी वॉर्डाचा फोन ओढला आणि रजिस्टरमधला नंबर फिरवला.

"हॅलो," ती म्हणाली.

मी प्रसूती विभागातून बोलतेय, तुमच्या मुलाबद्दल सांगायचं होतं, असं मी म्हणाले. मग ती म्हणाली, "एक मिनिट थांबा हां. मी बसते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हं. सांगा आता. माझी तयारी आहे."

मी सांगितलं. धडाधड सांगितलं, मध्ये श्वास न घेता. मी काय म्हणाले होते, का म्हणाले होते, त्याच्याशी तिच्या मुलाचा काही म्हणजे काही संबंध नव्हता. ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत राहिले. द्यायलाच हव्या होत्या. फोनमध्ये फक्त कुठंतरी जवळ एक बाळ आपल्याशीच बडबडत असल्याचं ऐकू येत होतं.

"म्हणजे तो जगणार आहे?" तिनं विचारलं.

"त्याच्या तब्येतीत काहीही खोट नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हती."

"सिस्टर, आम्ही त्याला अजून नाव नाही दिलेलं. घरचे रोज विचारतात. मी आज देऊ, उद्या देऊ करत राहते. मला वाटायचं, एकदा नाव दिलं आणि मग काही झालं, तर..." पलीकडं बाळाची बडबड चालूच होती. मग ती अगदी हळू, परवानगी मागितल्यासारखी म्हणाली, "मग आता देऊ का?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "द्या हो बाई," मी म्हणाले. "आत्ता द्या. मी थांबते फोनवर."